‘फाइल वर गेलीय’ म्हणजे नक्की कुठे गेली?

इंदूरच्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारलाय, बराच लांब होता, थोडक्यात मांडतो. वडील गेल्या वर्षी वारले. जवळच्याच एका तहसीलीत त्यांच्या नावावर पाऊण हेक्टर जमीन आहे. फौती नामांतरणाचा अर्ज लोक सेवा केंद्रातून टाकला, त्याला सात महिने झाले. आधी सांगितलं पटवारी रिपोर्ट आला नाही, मग साहेब इलेक्शन ड्यूटीवर, मग पोर्टल चालत नाहीये, आणि आता ‘फाइल वर गेलीय’. १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार केली ती कसलंतरी उत्तर टाकून बंद झाली. बाहेर बसणारा एक जण म्हणतो दहा हजार द्या, आठ दिवसात आणून देतो. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘कायदा आहे, मुदत आहे, पोर्टल आहे, मुख्यमंत्री स्वतः सांगतात, मग वरून निघालेली गोष्ट खाली येईपर्यंत तिचं होतं काय? हे लोक काम करतात तरी कसं?’

ह्या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहायला बसलोय. मी १९८४ मध्ये सहायक ग्रेड-तीन म्हणून लागलो, पहिली काही वर्षं आवक-जावकच्या टेबलावर, मग तहसील कोर्टात रीडर, मग विभागीय परीक्षा देऊन नायब तहसीलदार, २०२२ मध्ये रिटायर. म्हणजे कागद घेणारा, कागद पुढे ठेवणारा आणि कागदावर सही करणारा, तिन्ही खुर्च्यांवर बसून झालंय. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की आमच्याकडचं, म्हणजे मध्यप्रदेशातलं, नामांतरण म्हणजे तुमचा फेरफार, फौती म्हणजे वारस नोंद, पटवारी म्हणजे तलाठी, आणि खसरा-बी-वन म्हणजे साधारण सातबारा आणि आठ-अ.

तुम्ही विचारताय फाइल कोणी अडवली. मी विचारीन, ह्या फाइलवर निर्णय कोणी घ्यायचाय आणि तो घेताना त्याला कशाची भीती वाटतेय. आळस असतो, पैशासाठी अडवणूकही होते, मी डोळ्यांनी बघितलीय, नाही म्हणणार नाही. पण माझ्या नोकरीत जेवढ्या अडलेल्या फाइली हातातून गेल्या त्यातल्या बऱ्याचशा तिसऱ्याच कारणाने अडलेल्या होत्या. सही केली तर पुढे कधीतरी अंगाशी येईल असं सही करणाऱ्याला वाटत असतं, आणि सही नाही केली तर त्याचं काहीच बिघडत नसतं. हे एकदा लक्षात आलं की ऑफिसचं वागणं पुष्कळसं उलगडतं, आणि काय करायचं तेही कळतं.

अर्थात तुमची फाइल मी बघितलेली नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल, वारसांमध्ये कोणी अल्पवयीन असेल, जमिनीवर बँकेचा बोजा असेल किंवा ती मुळात सरकारी पट्ट्याची असेल तर खाली सांगतोय त्यातलं काही बदलेल. तुम्ही भावा-बहिणींबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, आणि माझी पहिली शंका तिथेच आहे. का ते सांगतो.

नायब तहसीलदार होऊन मला वर्षही झालं नव्हतं. एक फौती आली. मयताची बायको, दोन मुलगे, सरपंचाच्या सहीचा सजरा (म्हणजे वंशावळ), पटवारी रिपोर्ट स्वच्छ, इश्तिहार (जाहीर नोटीस) लागला, मुदतीत कोणाची हरकत नाही. मी सही केली. सहा वर्षांनी एक बाई उभी राहिली, मयताची मुलगी, लग्न होऊन जळगावकडे गेलेली. तिचं नाव सजऱ्यात घातलेलंच नव्हतं आणि तोवर भावांनी जमीन विकून टाकलेली. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलाच्या बरोबरीने, बायकोच्या आणि आईच्या बरोबरीने. तिने तक्रार केली आणि चौकशी बसली माझ्यावर. पटवारी तोवर वारला होता, सरपंच बदलला होता, त्या अख्ख्या फाइलमध्ये जाब विचारता येईल अशी सही एकच उरली होती, माझी. अडीच वर्षं विभागीय चौकशी चालली, तेवढा काळ प्रमोशन बंद लिफाफ्यात. शेवटी दोषमुक्त झालो. पण त्या बाईचं नाव माझ्या सहीने सहा वर्षं बाहेर राहिलं हे आजही मनातून जात नाही.

त्यानंतर माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक फौतीत मी विचारायचो, मुली किती, कुठे दिल्या, त्यांचे जबाब कुठे आहेत. साहजिकच माझ्या कोर्टात फौतीला वेळ जास्त लागायला लागला. कागदावर बघितलं तर मी ‘पेंडन्सी वाढवणारा’ झालो होतो, आणि मला अजूनही वाटतं की मी तेव्हा बरोबर होतो. हे सांगतोय ते स्वतःची बाजू मांडायला नाही. ज्या उशिराचा तुम्हाला राग येतो त्यातला काही उशीर कोणाच्या तरी बहिणीचं नाव राहू नये म्हणूनही असतो, आणि काही उशीर निव्वळ स्वतःची कातडी वाचवायला, आणि बाहेरून बघताना दोन्ही अगदी सारखेच दिसतात.

आता भीती कशी तयार होते ते बघा. एखादी फाइल आठ महिने पडून राहिली म्हणून कोणाची पेन्शन कापली गेलीय असं मी ३८ वर्षांत बघितलं नाही. चुकीच्या सहीसाठी मात्र रिटायर झाल्यावरही नोटीस येऊ शकते. आमच्या १९७६ च्या पेन्शन नियमांत नियम ९ आहे, चार वर्षांच्या आतली घटना असेल तर निवृत्तीनंतरही चौकशी बसवता येते आणि पेन्शन रोखता येते. जिथे पैशाचा व्यवहार असतो तिथे ग्वाल्हेरहून महालेखाकारांची ऑडिट पार्टी येते, ती काय दिलं, कोणाला दिलं, कुठल्या आदेशाने दिलं हे विचारते. ज्याला द्यायला हवं होतं आणि दिलं नाही त्याचा पॅरा, म्हणजे ऑडिटचा आक्षेप, निघालेला मला आठवत नाही. मग नवीन लागलेला मुलगा दोन वर्षांत काय शिकतो? फाइलवर शेरे लिहायला शिकतो. ‘चर्चा करें’. ‘परीक्षण कर प्रस्तुत करें’. ‘नियमानुसार कार्यवाही करें’. ह्या तिन्ही शेऱ्यांत निर्णय नाही, पण फाइल टेबलावरून उठते आणि तारीख पडते. हेच ते ‘वर गेलीय’ किंवा ‘खाली गेलीय’.

आणि तुमच्या बाबतीत तर ‘वर गेलीय’ ह्या शब्दांना कायद्यात फारसा आधारच नाही. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ मधलं कलम ११० नामांतरणाचं आहे, आणि तो अधिकार तहसीलदाराचा स्वतःचा आहे. कोणाचाही वाद नसेल तर केस नोंदल्यापासून ३० दिवस, वाद असेल तर पाच महिने. त्याला एसडीएमची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याची, परवानगी लागत नाही, कलेक्टरची तर नाहीच. म्हणजे एक तर फाइल तिथेच कपाटात आहे, नाहीतर कोणीतरी ‘मार्गदर्शन’ मागवून ती स्वतःहून वर पाठवलीय. पाठवली असेल तर ऑर्डरशीटवर, म्हणजे केसच्या तारीखवार नोंदींच्या पानावर, तशी नोंद, तारीख आणि जावक क्रमांक असलाच पाहिजे. तो नंबर मागा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

वरून निघालेली गोष्ट खाली कशी येते तेही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं मंत्र्याने सांगितलं म्हणजे झालं. भोपाळला वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, निर्णय होतो, कायदा बदलायचा असेल तर विधानसभा, मग राजपत्र, मग नियम, मग विभागाचं परिपत्रक. महसुलाचं असेल तर माझ्या नोकरीत पुढचा टप्पा ग्वाल्हेर, आयुक्त भू-अभिलेख तिकडे बसायचे, राजस्व मंडळही तिकडेच. हे असं विखुरलेलं का, तर १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला तेव्हा जुन्या मध्य भारताची ग्वाल्हेर आणि इंदूर ही दोन्ही राजधानीची गावं होती, हिवाळ्यात तिकडे आणि उन्हाळ्यात इकडे, आणि राजधानी गेली भोपाळला, मग हायकोर्टाचं मुख्य पीठ जबलपूरला, महसुलाची मोठी ऑफिसं ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला अशी वाटणी झाली. सत्तर वर्षं होत आली तरी कागद त्याच वाटांनी फिरतात. तिथून पुढे संभागायुक्त (विभागीय आयुक्त), कलेक्टर, एसडीएम, तहसीलदार, आरआय (महसूल निरीक्षक), पटवारी.

ह्या प्रत्येक पायरीवर परिपत्रक तेच राहतं पण त्यातून विचारला जाणारा प्रश्न बदलतो. भोपाळला प्रश्न असतो लोकांना वेळेत काम मिळतंय का. मोती तबेल्याच्या, म्हणजे इंदूरच्या कलेक्टर ऑफिसच्या, टीएल बैठकीत, म्हणजे आठवड्याच्या त्या समय-सीमा बैठकीत, प्रश्न होतो तुमच्या तहसीलीत पेंडिंग किती. तहसीलदार घरी जाताना विचार करत असतो की पुढच्या सोमवारपर्यंत किती निकाली दाखवायची. आणि पटवाऱ्याला सकाळी उठल्यावर एवढंच बघायचं असतं की आज सगळ्यात मोठ्या साहेबांचा फोन कुठल्या कामासाठी आलाय. गिरदावरी (पीक पाहणी) त्याची, गारपिटीचा सर्व्हे त्याचा, पीएम किसानचं व्हेरिफिकेशन त्याचं, सीमांकनाला जरीब (मोजणीची साखळी) घेऊन त्यानेच जायचं, मतदार यादी, अतिक्रमण, मंत्र्यांचा दौरा, एवढं करून हलके, म्हणजे तुमच्याकडचे सजे, बऱ्याचदा दोन-दोन. तुमची फौती त्या ढिगात एक कागद. त्याच्याबद्दल कोणी फोन करत नाही, म्हणून ती राहते. ह्यात पटवाऱ्याची बाजू घेतोय असं वाटेल तर वाटू द्या, चांगले पटवारी मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्याशिवाय हे राज्य एक दिवस चालणार नाही.

पण मग हेच सरकार कधी कधी एवढं धावतं कसं? २०२३ ची लाडली बहना आठवा. जानेवारीच्या शेवटी घोषणा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज सुरू, १० जूनला पहिला हप्ता खात्यात, आणि बायका सव्वा कोटीच्या आसपास. पैसे आणि राजकीय इच्छा दोन्ही होती हे तर उघडच आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. त्या योजनेत मधल्या सह्याच काढून टाकल्या होत्या. उत्पन्नाचा दाखला नको, मूळ निवासीचा दाखला नको, बाईने स्वतः लिहून द्यायचं, समग्र आयडी (राज्याच्या कुटुंब नोंदणीचा नंबर), आधार, आणि डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होणं, चालू असलेलं खातं. कॅम्पवर बसलेल्या आंगणवाडीताईला काहीच ठरवायचं नव्हतं, फक्त भरायचं होतं. ज्या कामात खालच्या माणसाला काही ठरवावं लागत नाही ते काम आपली यंत्रणा फार वेगाने करते. आणि ज्यांचं अडलं त्यांचं आधारची बँक चुकीची मॅप झाली किंवा समग्रमध्ये नाव नीट नव्हतं अशा ठिकाणी अडलं, कारण तिथे पुन्हा कोणीतरी माणसाने बघून ठरवायची वेळ आली.

जमिनीतही हेच झालंय. सायबर तहसील माहीत असेल, २९ फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्या ५५ जिल्ह्यांत. पूर्ण खसरा नंबर विकला, रजिस्ट्री झाली, वाद नाही, तर नामांतरण आपोआप चालू होतं, खरेदीदाराला तहसीलीत पाय ठेवावा लागत नाही. उत्तम काम आहे, मी सेवेत असताना असं काही हवं होतं. पण फौती त्यात बसत नाही, कारण रजिस्ट्रीत विकणारा-घेणारा कागदावरच असतो, आणि फौतीत वारस कोण हे कोणालातरी ठरवावं लागतं. मशीन सजरा वाचू शकत नाही, त्यात कोणाचं नाव नाहीये हे तर बिलकूलच नाही.

आपल्या शहराची स्वच्छताही ह्याच चालीची. स्वच्छ भारत २ ऑक्टोबर २०१४ ला सगळ्या देशासाठी एकदमच सुरू झालं, घनकचऱ्याचे २०१६ चे नियमही सगळ्यांना तेच. २०१७ पासून इंदूर पहिलं येत राहिलं कारण इथे काम वॉर्डापर्यंत, गाडीच्या वेळेपर्यंत मोजलं गेलं, आणि ओला-सुका वेगळा केलाय का हे गाडीवरचा माणूस दारातच बघायचा. रोज मोजलं जाणारं आणि दारात दिसणारं काम होतं ते. तुमची फौती रोज कोणी मोजत नाही आणि तुमच्याशिवाय कोणाला दिसत नाही.

मोजण्याचाही दुसरा चेहरा आहे, तो न सांगणं बरोबर होणार नाही. २०१० मध्ये लोक सेवा गारंटीचा कायदा आला, असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. तेव्हा ऑफिसात काय खळबळ झाली होती ते मला आठवतं. उशिराला पहिल्यांदाच किंमत लागली, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,०००, अधिकाऱ्याच्या खिशातून. पावतीवर तारीख छापून यायला लागली. खूप फरक पडला, उत्पन्न-मूळ निवासीचे दाखले ज्या सहजपणे मिळतात ते ह्या कायद्यामुळे. पण मुदत लागली की मुदतीतून निसटायच्या वाटाही निघतात. अर्ज घेण्याआधीच ‘हा कागद कमी आहे’ म्हणून परत करायचा, म्हणजे घड्याळ सुरूच होत नाही. किंवा विसाव्या दिवशी एक त्रुटी काढायची. २०२४ च्या जानेवारीपासून राजस्व महाअभियान निघाली, एकामागून एक, त्यात वर्षानुवर्षं पडलेली प्रकरणं खरोखर सुटली, माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांची. पण अभियानात आकडा खाली आणायची घाई असते, आणि आकडा आदेशानेही खाली येतो आणि खारिज करूनही येतो. पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, पक्षकार हजर नाही म्हणून ‘अदम पैरवी में खारिज’ लिहिलं की केस निकाली. लोकांना महिनोन्‌महिने कळतही नाही की आपली फाइल जिवंतच नाही. तुमच्या सात महिन्यांत असं काही झालंय का, हे सगळ्यात आधी बघायला हवं.

१८१ चं पण तसंच. रस्ता, पाणी, लाइट, अडलेला हप्ता, ह्यासाठी ती चांगली सोय आहे, तक्रार एल-वनपासून एल-फोरपर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याकडून वरच्याकडे, चढते आणि वरच्याला खालच्याच्या उत्तराची लाज वाटते, त्याचा दबाव येतो. पण नामांतरण म्हणजे राजस्व न्यायालयातलं प्रकरण. तिथे उत्तर ठरलेलं, ‘प्रकरण न्यायालय में विचाराधीन है’, आणि तक्रार बंद. बंद करणाऱ्याने खोटं लिहिलेलं नसतं, आणि तुमच्या हातात काही पडलेलंही नसतं.

म्हणजे इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, जे मोजलं जातं ते हलतं, जिथे कोणी काही ठरवायचं नसतं ते पळतं, आणि जिथे एका माणसाला आपल्या सहीवर ठरवायचं असतं तिथे तो थांबतो. तुम्हाला दोनच गोष्टी करायच्यात, त्याला सही करणं सुरक्षित वाटेल इतकी फाइल पक्की करायची, आणि मग सही न करणं त्याला महाग पडेल अशी मुदत लावायची. क्रम हाच ठेवा. लोक आधी तक्रार करतात आणि मग कागद जमवतात, त्यामुळे समोरचा आधी बिथरतो आणि मग त्याला त्रुटी काढायला आयता कागद मिळतो.

तर आधी आरसीएमएस पोर्टलवर, म्हणजे महसुली केसेसच्या पोर्टलवर, आपला प्रकरण क्रमांक टाकून केसची स्थिती बघा. क्रमांकच नसेल तर केस नोंदलेलीच नाही, आणि सात महिने तुम्ही न जन्मलेल्या फाइलमागे फिरताय. आवकच्या टेबलावर मी हे लोकांना रोज सांगायचो, नंबर नसलेला कागद ऑफिससाठी नसतोच. क्रमांक असेल तर ऑर्डरशीटची नक्कल काढा. सगळी कहाणी त्या दोन-तीन पानांत असते, कुठल्या पेशीला काय लिहिलं, रिपोर्ट कधी मागवला, इश्तिहार लागला की नाही. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपये फी, ३० दिवस. अर्जात ‘माझं काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. प्रकरण क्रमांक अमुक, त्यातल्या सगळ्या ऑर्डरशीट आणि नोटशीटच्या प्रती द्या, आणि फाइल समक्ष बघायची आहे, एवढंच लिहा. फाइल बघायला मिळाली की निम्मं काम झालं म्हणून समजा.

मग वारस. सजऱ्यात आई, सगळे भाऊ, सगळ्या बहिणी, आजी हयात असेल तर आजी, सगळी नावं आहेत ना? बहिणीचं लग्न झालंय, तिला काही नको, ती म्हणालीय, हे सगळं घरात ठीक आहे, फाइलमध्ये नाही. तिला खरंच सोडायचं असेल तर रजिस्टर्ड हक्कत्याग करा, आणि तोही तिच्यावर दडपण न आणता. नाहीतर सगळ्यांची नावं चढवून घ्या, वाटणी नंतर होते, तिच्यासाठी कलम १७८ वेगळं आहे. सगळ्या वारसांची शपथपत्रं एकत्र जोडा, त्यात साफ लिहा की ह्यांच्याशिवाय दुसरा वारस नाही आणि कोणाची हरकत नाही. मृत्यूचा दाखला, ताजा खसरा आणि बी-वन, आधार, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते पाहा. आपल्या मराठी घरांत हे हमखास होतं, बी-वनमध्ये ‘दत्तू पिता गोविंद’, आधारवर दत्तात्रय गोविंदराव आणि दाखल्यावर आडनाव पुढे. बाबूला वाटतं माणसं दोन. एक शपथपत्र, की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची, आणि गावातल्या दोन जुन्या माणसांचा पंचनामा, एवढ्याने सुटतं.

वर एक पान लावा, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालेल. तारीखवार, कधी अर्ज, कधी पेशी, काय सांगितलं, कुठला कागद कितव्या पानावर. एकदा जनसुनवाईला, म्हणजे साहेब लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तिथे, मंगळवारी, एक म्हातारी बाई असं पान घेऊन आली होती, नातवाने लिहून दिलेलं. साहेबांसमोर त्या दिवशी लोकांची रांगच रांग होती, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. बाकीच्यांचे अर्ज ‘तहसीलदार, आवश्यक कार्यवाही’ असं मार्क होऊन खाली गेले. त्या बाईच्या पानावर साहेबांनी चौथ्या ओळीखाली रेघ मारली आणि मला विचारलं, हा रिपोर्ट १२ तारखेला आलाय तर आदेश का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसात आदेश काढला. तिने कोणावर आरोप केला नव्हता, आवाज चढवला नव्हता, फक्त पुढचं पाऊल कोणाचं आहे ते कागदावर उघडं केलं होतं.

हे झालं की मुदत. लोक सेवा केंद्राच्या पावतीवर निराकरणाची तारीख असेल तर ती उलटून गेलीच आहे. प्रथम अपील एसडीएमकडे करा. मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, तुमचे ते दिवस गेलेत, म्हणून उशिराचं कारण वेगळ्या परिच्छेदात लिहा, की ऑफिसातून वेळोवेळी तोंडी आश्वासन मिळत गेलं, आणि त्या तारखा द्या, कारण पटलं तर उशीर माफ होतो. तिथे नाही झालं तर ६० दिवसांत दुसरं अपील, दंड लावायचा अधिकार तिथे असतो, आणि त्या दंडातून अर्जदाराला भरपाईही देता येते. खरं सांगू, दंडापर्यंत फार कमी प्रकरणं जातात. पहिल्या अपिलाची नोटीस तहसीलदाराच्या टेबलावर आली की तो रीडरला हाक मारून विचारतो ही फाइल काय आहे, आणि त्या क्षणी फाइल पक्की असेल तर आदेश निघतो. फाइल कच्ची असेल तर त्याच नोटिशीच्या उत्तरात तुमची त्रुटी लिहून पाठवतो. म्हणून क्रम.

केस खारिज झालेली निघाली तर घाबरू नका, पुनर्स्थापनेचा अर्ज देता येतो, तेवढ्यासाठी मात्र एखादा वकील गाठा जो रोज तहसील कोर्टात उभा राहतो.

त्या दहा हजारवाल्याबद्दल. देऊ नका. नीतीचं तर आहेच, २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते, तरच तो सुटतो. पण व्यवहार म्हणूनही बघा. फाइल खरंच स्वच्छ असेल तर तो माणूस ज्या आदेशाचे पैसे घेणार तो तुम्हाला फुकट मिळणारच आहे. फाइलमध्ये खोट असेल तर तो खोट काढत नाही, ती झाकून सही मिळवतो, आणि पाच-सहा वर्षांनी तुमची बहीण किंवा तिची मुलं अपिलात गेली की आदेश रद्द. तो तेव्हा भेटणारही नाही. शिवाय नामांतरणाने मालकी ठरत नाही, ही नोंद महसुलापुरती असते, सुप्रीम कोर्टाने हे परत परत सांगितलंय, तेव्हा चुकीच्या रस्त्याने घेतलेला आदेश दिवाणी कोर्टात तुम्हाला वाचवणार नाही. कोणी सरळ सरळ पैसे मागितले, ऑफिसातल्या माणसाने, तर लोकायुक्त पोलिसांकडे जा, देण्याच्या आधी.

आणि आदेश हातात आला की पेढे वाटून घरी बसू नका. आदेश होणं आणि रेकॉर्डमध्ये अमल होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदेश तहसीलदाराचा, पण खसऱ्यात आणि बी-वनमध्ये नाव चढतं ते पुढच्या हाताने, आणि कित्येक लोकांना हे तेव्हा कळतं जेव्हा बँक पीककर्जाला बी-वन मागते आणि त्यावर अजून वडिलांचंच नाव असतं. आदेशाच्या नकलेवर तारीख बघा, पंधरा दिवसांनी ऑनलाइन बी-वन काढा, सगळी नावं आणि हिस्से आदेशाप्रमाणे आहेत का एक-एक अक्षर ताडून बघा, आईचं नाव सुटलंय का ते विशेष. नसेल तर अमलासाठी एका ओळीचा अर्ज, आवक नंबर घेऊन. ऑर्डरशीटची नक्कल मिळाली की त्यात शेवटच्या दोन पेशींना काय लिहिलंय ते इथे कळवा, नावं-नंबर झाकून, मग पुढचं नेमकं सांगता येईल.